सत्तेचाळीस आणि एक

लोमध्ये टाकला की लिव्हर धरून बसावं लागतं,
इनासमामा म्हणाले, नाहीतर उडी मारून बाहेर येतो,
होडी अर्ध्या वाळूत अन् मागून भरती.

मनोरीहून भाईंदरचा वळसा घालून
ट्रक आणला त्यांनी दारूखान्यात.
मिलिटरीच्या लिलावातला वन-टनर,
हिरव्यावर निळा, निळ्यावर गंज,
दारावर पुसट क्रूस आणि मुलीचं नाव.

ड्रेन प्लग सोडला.
ऑइल कुठलं, दुधाळ चहा.
सीलमधून थेंबथेंब समुद्र आत आलेला,
किती हंगाम, कोण जाणे.
तळाला चंदेरी गाळ.
डिझेलनं धुतला, साबणानं धुतला,
तरी जेवताना नखात दिसत होता.

ट्रान्सफर केस खाली घ्यायला तिघं लागलो:
मी, पोऱ्या सुभान,
आणि शेजारच्या भंगारवाल्याचा हमाल,
ज्याची पाठ दुखते पण तो सांगत नाही.

झाकण उघडलं
तर आतल्या अंगाला पंचनं मारलेला, ठिपक्याठिपक्यांचा
‘प’.
परकार मिस्त्री.
म्हणजे ही केस आधी इथंच उघडली होती,
याच व्हाइसपाशी,
आणि मी होतो चौदाचा, ट्रेपुढे उकिडवा.

आयडलर गिअरमधल्या सुया काढल्या.
चोवीसची ओळ, मध्ये वॉशर, पुन्हा चोवीस.
भरल्या बरोबर.
एक मात्र बोटांना परकी लागली.
टोकं गोल नव्हती तिची, कानशीनं सपाट केलेली.
मायक्रोमीटर लावला: केसभर बारीक.
ड्रिलच्या दांड्याचा तुकडा.

त्या दिवशी एक सुई माझ्या हातून गटारात गेली होती.
वाजलीसुद्धा नाही.
मी ट्रे पुढे केला, अठ्ठेचाळीस, म्हणालो.
मिस्त्री ग्रीस लावून एकेक बसवत गेले,
शेवटी जरा थांबले,
आणि म्हणाले, जा रे, दोन कटिंग सांग, साखर कमी.
परत आलो तोवर गिअर आत.

पुढची अकरा वर्षं त्यांनी मला शिव्या दिल्या,
चुकीच्या पान्यावरून, मारलेल्या आट्यांवरून,
कागदाएवढ्या एका शिमवरून तर अख्खी दुपार.
सुईवरून नाही.

बाकीच्या सत्तेचाळीस काळ्या पडल्यात, खड्डे पडलेत.
ही जवळजवळ नवी.
भार हिच्यावर आलाच नाही कधी.
जागा तेवढी धरून होती,
शेजारणी आडव्या पडू नयेत म्हणून.

नव्या सुया आल्या, नवा शाफ्ट, नवे सील.
फोर्क एका बाजूनं पोळीसारखा पातळ झालेला, तोही बदलला.
गॅस्केट कापलं सुभानच्या बहिणीच्या लग्नपत्रिकेतून,
कडेकडेनं हातोडी टपटपत;
वराकडच्यांची नावं आता आत आहेत.
झाडूच्या दांड्याचा खोटा शाफ्ट केला,
त्याच्याभोवती ग्रीसमध्ये सुया उभ्या,
मग खरा मागून ठोकत नेला
आणि खोटा पुढून निघून गेला, हळूच,
एकही न पाडता.

गोदीच्या भिंतीमागच्या चिखलात नेला ट्रक.
लो. हात सोडला.
लिव्हर थरथरली, पण बसली जागेवर.
मामांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले
अन् चर्चमध्ये बसतात तसे बसून राहिले.

पैसे दिले, जुना माल पिशवीत मागितला.
कोळ्यांमध्ये राहिलेला माणूस, मोजून घेणारच.
नव्या खोक्यावरचा आकडा वाचला, पुन्हा मोजल्या.
एक कमी आहे, म्हणाले.

गटारात गेली असेल, मी म्हणालो.

सुभान लगेच वाकून
शोधायला लागला.